आरसेवाली

देवाला डोळे बसवायचे असतील तर आधी त्याचं तोंड कोरडं करावं लागतं. शेंदराचा जुना थर निघत नसेल तर कोमट तेल लावून अर्धा तास थांबायचं. घाई केली की थर एकदम गळून पडतो, आतला काळा दगड उघडा होतो आणि भक्तमंडळी दचकतात. आत दगडच असणार हे त्यांना माहीत असतं, तरी दचकतात. मग मेण आणि राळ एकत्र वितळवायची, थेंब खाचेत सोडायचा आणि डोळा अंगठ्याने दाबून धरायचा. उजवा आधी, डावा नंतर.

हे मला कुणी शिकवलं नाही. भोरच्या पेठेत आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका गावचा म्हसोबा एकच डोळा घेऊन आला, दुरुस्त करणारं कुणी मिळेना, म्हणून मीच मांडी घालून बसले. पहिल्या खेपेला म्हसोबा चकणा झाला. गावाने तसाच नेला, आणि वर्षभराने निरोप आला की आता तो गावाच्या दोन्ही शिवांवर एकदम लक्ष ठेवतो, फार चांगलं झालं. तेव्हापासून भोर-वेल्ह्यातल्या पन्नास-साठ देवांना मी दृष्टी दिली. माझी स्वतःची चाळिशीतच गेली, गुडघे त्यानंतर.

एक नियम मात्र मी पाळते. डोळे बसेपर्यंत देवाच्या तोंडावर फडकं ठेवायचं, आणि फडकं काढताना समोर आरसा धरायचा. पहिली नजर त्याची त्यालाच. हे कुणाकडून ऐकलं ते आठवत नाही. पण पहिली नजर भुकेली असते असं मला वाटतं. तान्ह्या मुलाची असते तशी.

"स्वतःचं तोंड बघून देव घाबरला तर गं?" दीनानाथ विचारतात. दीनानाथ म्हणजे आमचे हे. कोर्टात लिपिक होते, आता निवृत्त होऊन दुकानात पेपर वाचतात.

चैत्रात सुलक्षणा आली. तिशीच्या आतली, सडपातळ, पदर कानामागून घट्ट ओढलेला. डोळ्यांचा डबा बघायला मागितला. मी मुगाएवढे, तुरीएवढे, चिंचोक्याएवढे असे जोड मांडले. चांदीचे, पांढऱ्या मीन्यावर काळं बुबुळ. ती ओणवी झाली तेव्हा पदर सरकला.

"गालाला काय लागलं?"

"जीपमधनं उतरताना, ताई."

"जीपला चार बोटं असतात होय?"

ती हसली. हसताना तिला ओठ दाबून धरावा लागला, कारण तोही फुटलेला होता.

पालीच्या वर, राजगडाच्या अंगाला कातळवाडी म्हणून दहा उंबऱ्यांची वस्ती आहे, तिथली ती सून. "आमच्या वरच्या अंगाला कपारीत शिकारी हाय. दगडाचा. सासरचा देव," ती म्हणाली. "त्याला डोळं न्हाईत. म्हनून त्याला दिसत न्हाई."

"काय दिसत नाही?"

तिने बांगड्या कोपराकडे सारून चिंचोक्याएवढा जोड उचलला. मनगट निळं होतं.

देवाच्या कामाला नाही म्हणू नये, असं मी दीनानाथांना सांगितलं. खरं कारण ते चार वळ. पोरीला तिच्या बाजूने बघणारं कुणीतरी हवं आहे, मग ते दगडाचं का असेना, एवढाच माझा विचार होता. तो वाईट विचार होता असं आजही मला म्हणवत नाही.

मंगळवारी निघाले. भोरहून एसटीने नसरापूर, तिथून मार्गासनीपर्यंत वडापची गाडी, पुढे पालीची जीप. जीपवाल्याने माझ्या पिशवीवर पेंडीचं पोतं टाकलं आणि वर म्हणाला, "मावशी, काय फुटायचं न्हाई, बसा निवांत."

सुलक्षणा पालीत उभीच होती. नवरा कुंडलिक वरव्याला कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता, तो चारपर्यंत यायचा नव्हता. आम्ही चढायला लागलो. वणवा लागून गेलेला डोंगर, काळं गवत, पाऊल टाकलं की राख उडायची. करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या. मी दर दहा पावलांवर थांबत होते आणि गुडघ्यांना लहान मुलांसारखं समजावत होते.

कपार म्हणजे कातळाला पडलेली आडवी भेग. तोंडाशी वाकावं लागतं, आत उभं राहता येतं. बाहेरच्या उन्हाने डोळे भरून आले होते. आत गारवा होता आणि वटवाघळांचा उग्र वास. नजर सरावली तशी भिंत तांबडी होत गेली.

"पुन्याच्या कॉलेजची मान्सं येऊन फोटू काढून गेली," सुलक्षणा म्हणाली. "लई हजार वर्सांचं हाय म्हनली."

काड्यांसारखी माणसं होती, गेरूच्या रंगात. नऊ जण एका रांगेत, हातात भाले. पुढे पळणारी हरणं. निदान मला ती हरणं वाटली. मी चष्मा बदलला आणि पाय मोजले. प्रत्येकाला दोन होते.

मागे पडलेल्यांच्या मांडीत एक भाला होता. त्यांच्या पुढच्यांच्या मांडीत आणि पोटात. शेवटची सगळी आडवी होती, हात पसरून, आणि त्यांना तीन-तीन भाले होते. मांडी, पोट, गळा. सगळ्या भिंतीवर तेच तीन, त्याच क्रमाने. आधी पळणं थांबवायचं, मग बाकीचं सावकाश. ज्याने हे काढलं त्याने ते पुष्कळदा केलं असावं.

खालच्या कोपऱ्यात एक निराळी आकृती होती. उकिडवी बसलेली बाई, एक हात लांब केलेला, हातात उभा चौकोन.

"ही आरसेवाली," सुलक्षणा म्हणाली. "आत्याबाई सांगत्यात, त्यांच्या आज्जीच्या वक्तापासनं ह्येच नाव हाय." आत्याबाई म्हणजे तिची सासू, धोंडाबाई.

मला बरं वाटलं. एवढ्या कापाकापीत एक तरी बाई निवांत बसून स्वतःचं तोंड बघते आहे.

कोनाड्यात मूर्ती होत्या. तळहातात मावतील अशी काळ्या दगडाची माणसं, बैल, डुकरं. मधोमध शिकारी, हातभर उंच, गुडघे वाकवलेले, उजवा हात खांद्यामागे नेलेला. सगळ्यांची तोंडं तांबड्या मातीने लिंपलेली होती. माती वाळून तडकली होती.

"हे कुणी लिंपलं?"

"आत्याबाई. दर अवसेला लिंपायच्या. आता त्यांना दिसत न्हाई, चढवत न्हाई. ह्या साली र्‍हायलंच."

"पण कशाला लिंपतात?"

"रीत हाय," ती म्हणाली. मीही पुढे विचारलं नाही. मी रोज रिती विकते. विचारत बसले असते तर दुकान कधीच बंद झालं असतं.

माती पाण्याने भिजवून मी शिकाऱ्याचं तोंड मोकळं केलं. नाक होतं, तोंडाची फट होती आणि डोळ्यांच्या जागी दोन खाचा. खाचांत राळेचे काळे कण अडकलेले होते. म्हणजे माझ्याआधी इथे कुणीतरी डोळे बसवले होते. आणि कुणीतरी ते काढले होते, चिमट्याने नव्हे, हाताला येईल त्या टोकाने, दगडाला चरे पडेपर्यंत. चांदीसाठी देवांचे डोळे चोरतात लोक. मी तेवढंच समजले.

स्पिरिटच्या दिव्यावर मेण वितळवलं. उजवा बसवला, मग डावा. दोन्ही पहिल्या दाबात बसले, जागेवर परत यावं तसे. तोंडावर फडकं टाकलं आणि पिशवीतून आरसा काढला. तो पेंडीच्या पोत्याखाली दुभंगला होता.

फुटका आरसा देवाला दाखवत नाहीत. एका तोंडाची दोन होतात.

"मोबाईल हाय की, ताई," सुलक्षणा म्हणाली.

मला पटलं. आपलंच तोंड दिसतं तो कॅमेरा कसा लावायचा हे आमच्या लेकीने, मैथिलीने मला शिकवलं होतं. दोन गोल बाणांचं चिन्ह दाबायचं. मी दाबलं, माझं घामेजलेलं तोंड दिसलं, केस सारखे केले. मग शिकाऱ्याच्या बाजूला, जरा पुढे सरून उकिडवी बसले, त्याच्या नजरेत येऊ नये म्हणून हात लांब केला, मोबाईलचा पडदा त्याच्या तोंडासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने फडकं ओढलं.

अंगठा कुठेतरी लागला. कट्ट असा आवाज झाला.

"हितं काय चाललंय?"

कपारीच्या तोंडाशी उजेड अडवून कुंडलिक उभा होता. पाळी अर्धी टाकून आला होता, की गेलाच नव्हता, कोण जाणे. तो वाकून आत आला, सुलक्षणाचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचं कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. नारळ फोडताना येतो तसा आवाज आला. ती ओरडली नाही. तिला सवय होती हे मला त्या न ओरडण्यावरून कळलं.

मी त्याचा शर्ट मागून धरला. त्याने न वळता कोपर मारलं, ते माझ्या छातीत बसलं आणि मी गुडघ्यांवर पडले.

"ओ बाई, आपली दुकानदारी भोरात करा," तो म्हणाला. तिला ओढत नेताना त्याची नजर कोनाड्याकडे गेली. "आन् ह्यो काय बघतोय रं?"

तो शिकाऱ्यावर थुंकला आणि तिला घेऊन गेला.

मी दिवा विझवला, सामान भरलं. भिंतीवर तिच्या कपाळाचं रक्त होतं. गेरूच्या रंगात ते वेगळं काढता येत नव्हतं. निघताना मी मागे पाहिलं नाही. पाठीवरची नजर मला ओळखता येते, असं मी गिऱ्हाइकांना गमतीत सांगते. त्या दिवशी ती पार पालीपर्यंत होती.

घरी येऊन सगळं सांगितलं. दीनानाथांनी ओळखीच्या वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मुलीला बोलतं करा, मी येते. सुलक्षणाचा मोबाईल तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला.

"ताई, त्यो गेला."

"कुठे गेला?"

"मेला."

मंगळवारपासूनच मांडी दुखते म्हणत होता. दिसत काहीच नव्हतं, एक तांबडा ठिपका तेवढा. दोन दिवस लंगडला. तूच कायतरी केलंस म्हणून तिच्या अंगावर धावला, पण त्याला धावता येईना, आणि ती लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्यापुढे पळून सुटली. शुक्रवारी सकाळी शेरडं घेऊन डोंगराकडे गेला. दुपारी शेरडं एकटी परत आली. कपारीच्या खालच्या जळलेल्या गवतात तो उताणा सापडला, हात पसरलेले. मांडी आरपार होती. पोट फाटून आतलं बाहेर आलं होतं. गळ्यात हात जाईल एवढं भोक.

"रानडुक्कर म्हनत्यात," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "ताई, त्याला दिसलं बरं का. तुमी डोळं दिलं आन् त्याला दिसलं."

तिचा आवाज हलका होता. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर बायका बोलतात तसा. मला धक्का बसायला हवा होता. मी देवघरात जाऊन साखर ठेवली आणि मग माझीच मला लाज वाटली.

दीनानाथ मात्र पेपर बाजूला ठेवून बसले होते. "डुक्कर खालून वर फाडतं. तीस वर्षं पंचनामे वाचले मी. गळ्यात भोक पाडणारं डुक्कर एकदाही वाचलं नाही."

"मग काय असेल?"

"आत घुसून बाहेर निघालेलं काहीतरी. टोक असलेलं. सरळ." त्यांनी चष्मा पुसला. "माणसाने केलं असेल तर त्या मुलीवर येईल, सुहासिनी. तुझ्याकडे तिथला एखादा फोटो आहे का?"

मी नाही म्हणाले आणि मग तो कट्ट आवाज आठवला.

फोटो होता. त्यात शिकारी असायला हवा होता. नव्हता. बाणांचं चिन्ह माझ्या बोटाने दोनदा दाबलं गेलं असणार. म्हणजे पडदा शिकाऱ्याकडे आणि कॅमेरा उलट दिशेला, कपारीच्या तोंडाकडे. पहिल्या नजरेला त्याला त्याचं तोंड दिसलंच नाही. त्या चौकोनात आम्ही दिसलो.

मागे उजेडात कुंडलिक. त्याच्या अलीकडे सुलक्षणा, पदराचं टोक तोंडात धरलेली. आणि अगदी कडेला, अर्धी कापलेली, मी.

मी लगेच तिला फोन लावला. "तू वर जाऊ नकोस."

"का वो? म्या रोज जाते. दिवा लावते. त्याच्याबिगर कोन हाय मला?" ती थांबली, धाप लागल्यासारखी. "आज जायला जरा येळ झाला. पाय धरलाय."

"कुठला पाय?"

"मांडीत हो. कळ मारतीय."

मी दुकानातून तशीच उठले. दीनानाथ येतो म्हणाले, मी म्हटलं, आधी वकीलबाईंना गाठा, मग या. नसरापूरला वडाप भरेपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती, टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून गेले. पिशवीत कोरणी, चिमटा आणि घरातला न फुटलेला आरसा.

कातळवाडीत धोंडाबाई दारात बसून परातीत तांबडी माती मळत होती. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. पावलांच्या आवाजावर तिने मान वळवली.

"कोन?"

"मी भोरची, आजी. सुलक्षणा कुठे आहे?"

"वर. लंगडत लंगडत गेली. नगं म्हनलं, तरी गेली." तिचे हात मातीत चालूच होते. "माज्या ल्येकाच्या मांडीलाबी म्या बोट लावून बगितलं व्हतं. हिच्या मांडीतबी तसाच गोळा. डोळं कुनी दिलं त्याला?"

"मी."

"आरसा दावला व्हतास?"

"फुटला होता. मोबाईल धरला."

ती उठली, चाचपत माझ्याजवळ आली. मातीची बोटं माझ्या तोंडावरून फिरवली, कपाळ, नाक, हनुवटी. मग माझा उजवा हात लांब केला आणि पंज्यापर्यंत दाबत गेली, पंजा नीट तपासला.

"म्हंजी तूच ती," धोंडाबाई म्हणाली. रागाने नाही. खूप दिवसांनी पाव्हणी यावी तसं. मीच "मला सांगायचं तरी, आजी," असं म्हणाले असेन, कारण ती पुढे म्हणाली, "मला कुनी इचारलं?"

तिने मातीचा गोळा माझ्या ओंजळीत ठेवला. "लिंप जा. लवकर."

भर दुपार होती. मी कुठेही थांबले नाही. गुडघ्यांचं मला काही आठवत नाही.

राखेत माझ्या पुढे पावलं उमटलेली होती. एक नीट, एक ओढलेलं. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी पावलं होती. अनवाणी, लहान, टाचा न टेकलेली.

मी मोजली नाहीत.

कपारीत सुलक्षणा शिकाऱ्यासमोर हात जोडून बसली होती. दिवा तेवत होता. तिच्या कपाळावर मंगळवारच्या जखमेची खपली होती आणि चेहरा शांत.

"ताई, बघा की," ती न वळता म्हणाली. "कसा मायेनं बघतोय माज्याकडं."

तिच्या निऱ्यांमधून रक्त उतरत होतं. जमिनीवर वाटीएवढं साठलं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"सुलक्षणा, मागे सर."

"का?" ती म्हणाली आणि पोट धरलं. हाताकडे पाहिलं. मग कुणीतरी छातीवर पाय द्यावा तशी ती उताणी पडली. हात आपोआप पसरले.

आत आणखी कुणी नव्हतं. पण दिव्याची ज्योत एका बाजूला झुकली होती, मध्ये माणसं उभी राहिल्यासारखी.

मी आरसा काढला नाही. पहिली नजर होऊन गेली होती, आरशाला आता अर्थ नव्हता. मी तिच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले, पाठ तिच्याकडे, तोंड त्याच्याकडे.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे मीच बसवलेले, माझ्याच डब्यातले. तरी ते मला ओळखीचे वाटले नाहीत.

कोरणी डाव्या डोळ्याखाली घातली. चार दिवसांपूर्वीचं मेण, इतक्या उन्हाळ्यात लोण्यासारखं निघायला हवं. ते दगडाचं झालं होतं. मी दोन्ही हातांनी रेटलं. मागे सुलक्षणाच्या गळ्यातून पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज आला.

डावा सुटला. माझ्या पायाशी पडला.

उजवा सुटेना. कोरणीचं टोक मोडलं. मी मोडक्या टोकानेच ठोसत राहिले, ओरडत, शिव्या देत. असल्या शिव्या मला येतात हे मला माहीत नव्हतं. दगडावर चरे पडत होते. जुन्या चऱ्यांवर नवे, अगदी तसेच.

टिकली उडावी तसा तो उडाला. अंधारात कुठेतरी टणकन वाजला.

मी पायाशी ठेवलेली माती उचलून त्याच्या तोंडावर मारली आणि दोन्ही पंज्यांनी दाबून धरली. दिव्याची ज्योत सरळ झाली.

सुलक्षणा श्वास घेत होती. गळ्याच्या खळग्यात कुंकवाएवढा तांबडा ठिपका होता. पोटावरची जखम बोटाच्या एका पेराएवढी खोल. मी पदर फाडून बांधला. राहिलेली माती इतर मूर्तींच्या तोंडांना लावली, बैलांनासुद्धा. एकही सोडली नाही. उजवा डोळा शोधायला वेळ नव्हता.

खालून दीनानाथांच्या आणि वाडीतल्या माणसांच्या हाका येत होत्या. ते वर येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन मी भिंतीला टेकून बसले, आणि समोर खालच्या कोपऱ्यात आरसेवाली होती.

आरसे गोल असतात. माझा गोल आहे, दुभंगलेला गोल होता, धोंडाबाईच्या आज्जीचा असला तर तोही गोलच असणार. तिच्या हातातला चौकोन लांबट होता, उभा, पंज्यात मावेल एवढा. तिने तो स्वतःच्या तोंडासमोर धरलेलाच नव्हता. बाजूला धरला होता, हात लांब करून. मी नखाने रंग खरवडून पाहिला. वर पांढरा क्षार चढला होता. बाकीच्या चित्रांवर होता तेवढाच जाड, म्हणजे तेवढाच जुना.

तिच्या मांडीवर एक बारीक तांबडी रेघ होती. आधी होती का, सांगता येत नाही. पहिल्या दिवशी मी तिचा हात पाहिला होता. पाय पाहिले नव्हते.

सुलक्षणा वाचली. तीन आठवडे दवाखान्यात काढून कातळवाडीला परतली, धोंडाबाईजवळ. पोलीस आले, गेले. जखमांना हत्यार सापडलं नाही. दोघी आता नांगराला जुंपल्यासारख्या एकमेकींच्या आधाराने दर अवसेला वर चढतात, एक बघते आणि एक लिंपते. तिचा फोन येतो. परवा हसत म्हणाली, आत्याबाई मला लिंपायला शिकवत्यात आन् वर म्हनत्यात, तुज्या हाताला वळण न्हाई. हसताना तिने ओठ दाबून धरला नव्हता, हे मला फोनवरही कळलं. उजवा डोळा अजून सापडलेला नाही. सापडला की त्यालाबी लिंपते, म्हणाली.

डावा माझ्याकडे आहे, डब्यात, फडक्यात गुंडाळलेला. फोटो मी पुसून टाकला. नवीन देव आले तर मी आता आधी विचारते, याला डोळे नकोत असं कधी कुणी म्हटलं होतं का? लोक हसतात.

आज सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, दीनानाथांचा चहा आणायला आत गेले. परत आले तर ते पेपरवरून माझ्याकडे बघत होते.

"लंगडतेस का गं? गुडघा?"

"गुडघाच," मी म्हटलं. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि निऱ्या सारख्या करायच्या निमित्ताने हात ठेवला, गुडघ्यापासून वीतभर वर.